रग्बी एक, खेळ दोन: जोनाथन डेव्हिसने ओलांडलेली भिंत

जानेवारी 1989 मध्ये जोनाथन डेव्हिसने विडनेसच्या क्लबशी करार केला. विडनेस हे इंग्लंडच्या उत्तरेकडचं, रसायनांच्या कारखान्यांचं गाव. त्या एका सहीने वेल्सच्या राष्ट्रीय संघाचं दार त्याला बंद झालं, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे ते आयुष्यभरासाठी बंद झालं होतं. तो 26 वर्षांचा होता. जेमतेम महिन्यापूर्वी त्याच संघाचा कर्णधार म्हणून मैदानात उतरला होता. आता तो ज्या क्लबांत घडला त्यांच्यासाठी एखादा साधा मैत्रीचा सामनासुद्धा त्याला खेळता येणार नव्हता.

क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला हे चटकन उमगत नाही, कारण डेव्हिस ज्या खेळात गेला तोही रग्बीच होता. तसाच लंबगोल चेंडू, तसेच इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे गोलखांब, तसंच चेंडू घेऊन पळणं आणि पळणाऱ्याला अंगावर झेपावून पाडणं. पण रग्बीची दोन घराणी आहेत. एक रग्बी युनियन, दुसरं रग्बी लीग. (इथे लीग हे खेळाचं नाव आहे, आयपीएलसारख्या स्पर्धेचं नाही.) सहा देशांची जुनी युरोपीय स्पर्धा, न्यूझीलंडचे ऑल ब्लॅक्स आणि त्यांचं ‘हाका’ हे सामन्याआधीचं मावरी नृत्य, मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर खेळली जाणारी रग्बी, आपल्याकडची शाळकरी मुलं खेळतात ती सात जणांची रग्बी, हे सगळं युनियनच्या घराण्यातलं. लीगचं घर म्हणजे उत्तर इंग्लंडमधली यॉर्कशर, लँकेशर, कंबरलंड ही औद्योगिक पट्टी, ऑस्ट्रेलियातली सिडनी आणि ब्रिस्बेन ही शहरं, आणि पापुआ न्यू गिनी, जिथे लीग हाच राष्ट्रीय खेळ मानला जातो.

ही दोन घराणी शंभर वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती म्हटलं तरी चालेल. वरवर पाहता दोघांचं भांडण नियमांचं वाटतं. मुळात ते मजुरीचं होतं, आणि डेव्हिसच्या कारकिर्दीत ते जितकं उघडं दिसतं तितकं मला दुसऱ्या कुणाच्या कारकिर्दीत दिसलेलं नाही.

खाड्याची भरपाई

एकोणिसाव्या शतकात रग्बी इंग्लंडच्या उच्चभ्रू निवासी शाळांमधून बाहेर पडली आणि उत्तरेकडच्या गिरण्या-खाणींच्या गावांत रुजली. तिथे खेळणारे कामगार होते. शनिवारी दुपारपर्यंत कामावर हजर राहावं लागे. सामना दूरच्या गावी असेल तर अर्धा किंवा पूर्ण दिवसाचा खाडा, म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. दक्षिणेतल्या वकील-डॉक्टर-जमीनदारांच्या मुलांना हा प्रश्न कधी पडलाच नाही.

उत्तरेच्या क्लबांची मागणी साधी होती: खेळण्याचे पैसे नकोत, बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या, दिवसाला सहा शिलिंग. सप्टेंबर 1893 मध्ये रग्बी फुटबॉल युनियन या मूळ संघटनेच्या लंडनच्या बैठकीत यावर मतदान झालं आणि 282 विरुद्ध 136 मतांनी मागणी फेटाळली गेली. हौशी खेळात पैसा आला की खेळ नासतो, असं बहुमताचं म्हणणं. दोन वर्षांनी, 29 ऑगस्ट 1895 रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेच्या विसाहून अधिक क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे 1922 मध्ये या संघटनेने रग्बी फुटबॉल लीग हे नाव घेतलं.

खेळाचे नियम फुटीनंतर बदलले, हे इथे लक्षात घ्यायला हवं. खेळाडूंना पैसे द्यायचे तर ते तिकिटातून येणार, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला चिखलातली ढकलाढकली नको, पळापळी हवी. म्हणून लीगने 1897 मध्ये लाइनआउट (चेंडू बाहेर गेला की दोन्ही संघांच्या रांगांच्या मधोमध तो परत फेकणं) काढून टाकला. 1906 मध्ये संघ 15 वरून 13 जणांचा केला आणि पाडलेल्या खेळाडूने उठून चेंडू टाचेने मागे द्यायचा, ही पद्धत आणली. पोटाच्या प्रश्नातून एक नवा खेळ घडत गेला.

युनियनचं उत्तर कठोर होतं. लीगशी ज्याचा संबंध आला तो कायमचा बाद. पैसे घेतले की नाही, हा प्रश्नच नव्हता. लीगच्या क्लबात एखादा चाचणी सामना खेळून परत आलेलाही सापडला तर बाद. पुस्तकाचं मानधन घेतलं तरी खेळाडू व्यावसायिक ठरे. वेल्सचा आजवरचा सर्वांत थोर मानला जाणारा गॅरेथ एडवर्ड्स 1978 मध्ये निवृत्त झाला, आत्मचरित्राचे पैसे त्याने स्वीकारले, आणि त्यामुळे हौशी खेळाशी कुठलंही अधिकृत नातं ठेवण्याचा त्याचा हक्क गेला.

नियम मोडायची सोय मात्र गरजेनुसार झाली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या संघांत दोन्हीकडचे खेळाडू एकत्र खेळले. 1943 मध्ये लीड्सला आणि 1944 मध्ये ब्रॅडफर्डला लीगवाल्यांचा संघ विरुद्ध युनियनवाल्यांचा संघ असे सामने झाले. दोन्ही युनियनच्या नियमांनी, आणि दोन्ही लीगवाल्यांनी जिंकले. युद्ध संपलं, भिंत पुन्हा उभी राहिली.

वेल्सची अडचण

वेल्सची गोष्ट वेगळी आणि जास्त दुखरी. इंग्लंडच्या दक्षिणेत युनियन साहेबांचा खेळ होता, पण दक्षिण वेल्समध्ये तो कोळसा खाणीतल्या आणि पोलाद कारखान्यातल्या कामगारांचा होता. म्हणजे खेळाडू उत्तर इंग्लंडसारखेच, पण संघटना मात्र युनियनच्या गोटात. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडशी होणारे सामने म्हणजे वेल्सचा राष्ट्रीय सण. ते सोडायची तयारी कुणाची नव्हती.

मग व्हायचं ते झालं. लीगचे क्लब वेल्सच्या खोऱ्यांत माणसं पाठवत आणि एकेक खेळाडू हेरून नेत. वेल्समध्ये म्हणत, ‘तो उत्तरेला गेला.’ एवढ्यात सगळं समजत असे. 1952 मध्ये लुइस जोन्स लीड्सला गेला, 1967 मध्ये डेव्हिड वॉटकिन्स सॅल्फर्डला, 1973 मध्ये जॉन बेव्हन वॉरिंग्टनला, 1985 मध्ये टेरी होम्स ब्रॅडफर्डला.

काही जण केवळ पैशासाठी गेले नाहीत, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. कार्डिफच्या गोदीजवळच्या टायगर बे वस्तीतला बिली बॉस्टन 1953 मध्ये विगनला गेला. कार्डिफचाच क्लाइव्ह सलिव्हन ‘हल’ या शहरातल्या क्लबात गेला आणि 1972 मध्ये ग्रेट ब्रिटनच्या लीग संघाचा कर्णधार म्हणून त्याने विश्वचषक जिंकला. दोघेही कृष्णवर्णीय. वेल्सच्या युनियन संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला 1983 उजाडलं. बॉस्टनला 2025 मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. लीगच्या खेळाडूला मिळालेला तो पहिलाच.

ट्रिमसरनचा पोरगा

डेव्हिसचा जन्म 24 ऑक्टोबर 1962 चा, कारमार्थनशरमधल्या ट्रिमसरन या खाणकामगारांच्या खेड्यातला. घरात आणि गावात वेल्श भाषा. तो 14 वर्षांचा असताना वडील वारले. शाळा संपल्यावर रंगकामाच्या धंद्यात उमेदवारी केली. अंगकाठी सडपातळ. नीथच्या क्लबाने 1982 मध्ये त्याला संधी दिली आणि तिथून तो वर आला.

त्याची जागा फ्लाय-हाफची. युनियनमध्ये ही जागा म्हणजे संघाचा मेंदू. पुढचे आठ जण घुसाघुशी करून चेंडू काढतात, स्क्रम-हाफ तो उचलून फ्लाय-हाफकडे फेकतो, आणि मग काय करायचं हे त्याने क्षणात ठरवायचं: स्वतः पळायचं, पास द्यायचा, की लाथ मारून चेंडू विरोधकांच्या पाठीमागे टाकायचा. वेल्समध्ये दहा नंबरचा हा सदरा म्हणजे मानाचं पान, आणि तो घालणाऱ्यावर अख्ख्या देशाची नजर.

एप्रिल 1985 मध्ये कार्डिफला इंग्लंडविरुद्ध त्याने पदार्पण केलं. वेल्स 24-15 ने जिंकलं, त्यात त्याचा एक ट्राय आणि एक ड्रॉप गोल. (ट्राय म्हणजे विरोधकांच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. ड्रॉप गोल म्हणजे खेळ चालू असताना चेंडू हातातून सोडायचा, जमिनीवरून उसळताक्षणी लाथ मारायची आणि आडव्या दांड्यावरून खांबांच्या मधून घालवायचा.) 1987 च्या पहिल्या विश्वचषकात वेल्सने ऑस्ट्रेलियाला 22-21 असं हरवून तिसरा क्रमांक मिळवला. 1988 मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांनाही एकाच हंगामात हरवून वेल्सने ट्रिपल क्राउन घेतला. त्यातल्या स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्यात डेव्हिसने एक ट्राय आणि दोन ड्रॉप गोल केले. तेव्हा युरोपात त्याच्या तोडीचा फ्लाय-हाफ नव्हता, असं मी ठामपणे म्हणेन.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वेल्सचा संघ न्यूझीलंडला गेला आणि 52-3, 54-9 असा चिरडला गेला. दुसऱ्या कसोटीत डेव्हिस कर्णधार होता आणि आपल्याच भागातून सुरू झालेल्या हल्ल्यावर त्याने ट्रायही केला. पण समोरचे खेळाडू कसे सराव करतात, शरीर कसं कमावतात, किती पुढे निघून गेले आहेत, हे त्याने जवळून पाहिलं. परत आल्यावर त्याने वेल्स रग्बी युनियनच्या वार्षिक सभेत बोलायची तयारी दाखवली: काय चुकलं, काय बदलायला हवं, ते कर्णधार म्हणून सांगतो. त्याला बोलू दिलं नाही. ट्रिपल क्राउन मिळवून देणारे प्रशिक्षक टोनी ग्रे यांना मात्र घरी पाठवलं. डिसेंबरमध्ये कार्डिफला रोमानियाविरुद्ध वेल्स 15-9 ने हरलं. कर्णधार डेव्हिसच. टीकेची झोड त्याच्यावर उठली.

पुढच्याच महिन्यात त्याने विडनेसची सही केली. वर्तमानपत्रांनी छापलेला आकडा दोन लाख पौंडांच्या पुढचा होता आणि तो त्या काळातला विक्रम मानला गेला. युनियनमध्ये त्याला मिळत होता प्रवासखर्च, आणि बाकी नोकरीवर अवलंबून. घरी बायको होती, पोर होतं, आणि त्याच्या गावाभोवतालच्या खाणी एकामागून एक बंद पडत होत्या. ‘पैशासाठी देश सोडला’ असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. मला त्यांचं कधीच पटलं नाही. ज्या संघटनेने कर्णधाराचं दहा मिनिटं ऐकून घेतलं नाही, तिने निष्ठेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आता नियम: पाडल्यानंतर काय होतं?

डेव्हिसला विडनेसमध्ये काय नव्याने शिकावं लागलं ते कळायचं असेल, तर एकच क्षण नीट पाहा. चेंडू घेऊन पळणारा खेळाडू पाडला गेला (या पाडण्याला टॅकल म्हणतात). पुढे काय?

युनियनमध्ये पडलेल्याने चेंडू लगेच सोडायचा. तो जमिनीवर पडला की दोन्ही बाजूंचे खेळाडू त्यावर पायांवर उभं राहून एकमेकांना रेटतात. याला रक म्हणतात. जो रेटण्यात जिंकला त्याचा चेंडू. म्हणजे प्रत्येक टॅकल ही चेंडूसाठीची नवी लढाई. म्हणून युनियनला भारी पुढचे खेळाडू लागतात, जमिनीवरून चेंडू चोरण्यात तरबेज असे फ्लँकर, म्हणजे पुढच्या आठांतले कडेचे दोघे, लागतात. चेंडू मैदानाबाहेर गेला की लाइनआउट, किरकोळ चूक झाली की स्क्रम (दोन्हीकडचे पुढचे आठ जण वाकून एकमेकांना भिडतात ते), आणि या दोन्हींतही खरीखुरी झटापट.

लीगमध्ये पडलेला खेळाडू उठतो, चेंडू पायाशी ठेवतो, टाचेने मागच्या साथीदाराकडे लोटतो. चेंडू त्याच संघाकडे राहतो. बचाव करणारे तेवढ्यात मागे सरकतात, पूर्वी पाच मीटर, 1993 पासून दहा. मग हल्ला पुन्हा सुरू. पण असं फक्त सहा वेळा. सहाव्या टॅकललाही ट्राय झाला नाही तर चेंडू विरोधकांच्या हातात. क्रिकेटच्या षटकासारखंच हे: सहा चेंडू तुमचे, त्यात जमेल ते करा, नंतर पाळी दुसऱ्याची. म्हणूनच पाच टॅकल झाल्यावर संघ बहुतेक वेळा चेंडू लांब मारून विरोधकांना मागे ढकलतो, किंवा ट्रायच्या रेषेजवळ असेल तर उंच उडवून त्याखाली धाव घेतो.

गुणांतही फरक आहे. युनियनमध्ये आज ट्रायचे 5, पेनल्टीचे 3, ड्रॉप गोलचे 3. लीगमध्ये ट्रायचे 4, पेनल्टीचे 2, साध्या ड्रॉप गोलचा 1. ट्रायनंतरच्या लाथेचे दोन्हीकडे 2. ड्रॉप गोल ही डेव्हिसची खासियत, आणि नव्या खेळात त्याची किंमत तिसऱ्या हिश्श्यावर आली.

पण खरी अडचण गुणांची नव्हती, अंगाची होती. युनियनच्या फ्लाय-हाफला बचावात थोडं झाकून ठेवता येतं, त्याच्या बाजूचे फ्लँकर त्याच्यावर येणाऱ्याला अडवतात. लीगमध्ये फ्लँकर नाहीतच. 13 जणांची एक ओळ उभी राहते आणि समोरचा धिप्पाड खेळाडू त्या ओळीतला सर्वांत नाजूक माणूस शोधून मुद्दाम त्याच्याच अंगावर जातो. पाडायचं, उठायचं, दहा मीटर मागे पळायचं, पुन्हा पाडायचं. नाव गाजवून, मोठी रक्कम घेऊन आलेल्या सडपातळ वेल्श माणसाला पाहुणचार कसा झाला असेल याची कल्पना करा.

विडनेसचे प्रशिक्षक डग लॉटन यांनी त्याला एकदम आगीत ढकललं नाही. सुरुवातीला बदली खेळाडू म्हणून थोडा वेळ उतरवलं, मग वेगवेगळ्या जागांवर खेळवलं: विंग (कडेला), सेंटर (मधे), फुलबॅक (सर्वांत मागे). डेव्हिसने वजनं उचलून शरीर कमावलं आणि टॅकल करायला पुन्हा पहिल्यापासून शिकला. त्याच्याकडे एक गोष्ट आयती होती, ती म्हणजे वेग, आणि तो नेमका कधी लावायचा याची जाण. उभ्या उभ्या पहिल्या तीन-चार पावलांत तो असा सुटे की समोरच्याचा तोल बिघडे. लीगमध्ये बचावाची ओळ मागे गेलेली असते, त्यामुळे समोर मोकळी जागा दिसते. त्या जागेत हे कौशल्य युनियनपेक्षा जास्त खुललं.

ऑक्टोबर 1989 मध्ये विडनेसने मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलियन विजेत्या कॅनबेरा रेडर्सना 30-18 असं हरवून जागतिक क्लब विजेतेपद मिळवलं. डेव्हिसचा त्यात ट्राय होता. त्याच संघात विंगवर मार्टिन ओफाया होता, तोही युनियनमधून आलेला. पुढे विडनेसची आर्थिक घडी विसकटली आणि 1993 मध्ये डेव्हिस वॉरिंग्टनला गेला. तिथे 1994 मध्ये त्याला ‘मॅन ऑफ स्टील’ हा लीगमधला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान मिळाला. मधल्या काळात तो ऑस्ट्रेलियातही खेळून आला, 1991 मध्ये कँटरबरीकडून. जिथे लीग सर्वांत कडक खेळली जाते तिथे स्वतःला पारखून घेण्याची ही हौस मला फार आवडते.

वेम्ब्ली, 22 ऑक्टोबर 1994

त्याच्या लीग कारकिर्दीतला एकच क्षण पाहायचा असेल तर हा. ग्रेट ब्रिटन विरुद्ध ऑस्ट्रेलिया, मालिकेतला पहिला सामना. ब्रिटनचा कर्णधार शॉन एडवर्ड्स पहिल्या अर्ध्यातच उंच टॅकल केल्याबद्दल मैदानाबाहेर काढला गेला. उरला सगळा वेळ 12 जणांनी 13 ऑस्ट्रेलियन अंगावर घ्यायचे. लीगमध्ये ओळीतला एक माणूस कमी झाला की दर टॅकलला कुठेतरी भोक पडतं.

अशा वेळी मैदानाच्या मध्याजवळ चेंडू फुलबॅक खेळणाऱ्या डेव्हिसकडे आला. त्याने पास देण्याचा नुसता आव आणला, बचाव क्षणभर थबकला आणि तो फटीतून निघाला. पुढे एकटा ऑस्ट्रेलियन फुलबॅक ब्रेट मलिन्स, तोही पळण्यात पटाईत. डेव्हिस जरा आत वळल्यासारखा झाला, मग बाहेरून, म्हणजे मैदानाच्या कडेकडून, सरळ वेगावर सुटला आणि उजव्या कोपऱ्यात झेपावला. ब्रिटनने सामना 8-4 ने जिंकला. त्याच सामन्यात खांद्याला मार बसून डेव्हिस मालिकेबाहेर गेला, आणि उरलेले दोन सामने जिंकून ऑस्ट्रेलियाने मालिका नेली.

या धावेत दोन्ही घराणी दिसतात. पासचा आव आणि बाहेरून जाणं हे वेल्सच्या फ्लाय-हाफचं जुनं भांडवल. ते ऑस्ट्रेलियन बचावासमोर चालवायला लागणारं शरीर आणि दम लीगने दिलेला.

वेल्ससाठी खेळायची त्याची इच्छाही लीगमध्येच पुरी झाली. वेल्सचा लीग संघ बरीच वर्षं बंद होता. उत्तरेला गेलेल्यांची संख्या इतकी वाढली की 1991 मध्ये तो पुन्हा उभा राहिला, डेव्हिसच्या नेतृत्वाखाली, आणि स्वॉन्झीत पापुआ न्यू गिनीला 68-0 ने हरवलं. फेब्रुवारी 1995 मध्ये कार्डिफला इंग्लंडवर 18-16 असा विजय मिळाला आणि त्या वर्षीचं युरोपीय विजेतेपदही. पाठोपाठ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल गेली. त्याच वर्षांत युनियनचा वेल्स संघ पोखरून निघाला होता. 1990 च्या युरोपीय स्पर्धेत (आजची सहा देशांची, तेव्हा पाच देशांची) चारही सामने हरला, 1991 च्या विश्वचषकात घरच्या मैदानावर वेस्टर्न सामोआकडून 16-13 असा पराभूत झाला.

भिंत पडते

26 ऑगस्ट 1995 रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने खेळ सर्वांसाठी खुला केला. पैसे घेता येतील, लीगमध्ये जाऊन परतही येता येईल. जॉर्ज हॉटेलमधल्या त्या बैठकीला तेव्हा शंभर वर्षं पुरी व्हायला तीनच दिवस बाकी होते. निर्णय जाहीर करणारे मंडळाचे अध्यक्ष व्हर्नन प्यू हे वेल्सचेच वकील.

हे मनपरिवर्तनाने झालं असं मानू नये. कारण टीव्ही. एप्रिल 1995 मध्ये रुपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने ब्रिटिश लीगमध्ये प्रचंड रक्कम ओतून सुपर लीग या नव्या स्पर्धेची घोषणा केली. दक्षिण गोलार्धात युनियनचे उत्तम खेळाडू लीगकडे आणि एका नव्या खासगी स्पर्धेकडे वळणार अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया या तीन देशांच्या मंडळांनी त्याच कंपनीशी दहा वर्षांचा 55 कोटी डॉलरचा करार केला. एवढा पैसा आल्यावर खेळाडूंना फुकट खेळवणं अशक्य होतं. 1893 मध्ये कामगाराला सहा शिलिंग नाकारणाऱ्या घराण्याने कोट्यवधी मात्र बिनतक्रार स्वीकारले.

परत येणारा पहिला मोठा खेळाडू डेव्हिसच. नोव्हेंबर 1995 मध्ये तो कार्डिफकडे आला. वय 33. ॲबेरॅव्हनविरुद्धच्या त्याच्या पहिल्या सामन्याला गर्दी लोटली, पण चेंडू त्याच्या हातात फार कमी वेळा आला. जे सहकारी कालपर्यंत फुकट खेळत होते त्यांच्यात तो मोबदला घेऊन आलेला, तेव्हा ताण असणं स्वाभाविक होतं. शिवाय सात वर्षांत युनियनही बदलली होती. तरीही डिसेंबर 1996 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने पुन्हा वेल्सचा सदरा घातला. मार्च 1997 मध्ये इंग्लंडविरुद्धचा सामना शेवटचा ठरला. जुन्या आर्म्स पार्कच्या राष्ट्रीय मैदानावरचाही तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना होता. युनियनमध्ये वेल्ससाठी एकूण 32 सामने, 1985 ते 1997, आणि मधली आठ वर्षं रिकामी. त्याच वर्षी त्याची पत्नी कर्करोगाने गेली. पुढे तो बीबीसीवर दोन्ही खेळांचा समालोचक झाला आणि कार्डिफच्या वेलिंड्रे कर्करोग रुग्णालयासाठी निधी उभा करण्याचं काम वर्षानुवर्षं करत आला आहे.

दोघांनी एकमेकांकडून काय घेतलं

भिंत पडल्यावर लगेच, मे 1996 मध्ये, एक प्रयोग झाला. लीगचा विजेता विगन आणि युनियनचा विजेता बाथ यांनी दोन सामने खेळले, एक लीगच्या नियमांनी, एक युनियनच्या. मँचेस्टरला विगन 82-6 ने जिंकलं. ट्विकनहॅमला बाथ 44-19 ने. बाथच्या खेळाडूंना सतत मागे जाऊन ओळ धरायचा दम नव्हता. विगनवाल्यांना स्क्रम आणि लाइनआउटमध्ये काय करायचं ते उमजत नव्हतं. ज्यांना ‘लीगवाले पैशासाठी खेळणारे, कौशल्य आमच्याकडे’ असं वाटत होतं, त्यांना पहिल्या सामन्याने बरंच शिकवलं.

नंतर वाहतूक दोन्ही दिशांनी सुरू झाली. विगनचा विंगर जेसन रॉबिन्सन युनियनमध्ये आला आणि 2003 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडसाठी ट्राय करून गेला. न्यूझीलंडचा सनी बिल विल्यम्स दोन्ही खेळांत ये-जा करत राहिला आणि युनियनचे 2011 व 2015 हे दोन्ही विश्वचषक जिंकलेल्या संघांत होता. विगनचा जुना कर्णधार अँडी फॅरेल आज आयर्लंडच्या युनियन संघाचा प्रशिक्षक आहे.

पण खेळाडूंपेक्षा मोठी देवाणघेवाण बचावात झाली. युनियनमध्ये पूर्वी बचाव म्हणजे ज्याच्यासमोर जो आला त्याला त्याने पाडायचं, एवढंच. सगळ्यांनी एका ओळीत, एका वेगाने पुढे यायचं, कुणी कुणाला धरायचं हे सतत बोलत राहायचं, ही शिस्त लीगची. 2008 मध्ये वेल्सने बचावाचा प्रशिक्षक म्हणून शॉन एडवर्ड्सला आणलं, 1994 मध्ये वेम्ब्लीवर मैदानाबाहेर काढला गेलेला तोच. त्या मोसमात वेल्सने सहा देशांच्या स्पर्धेतले पाचही सामने जिंकून ग्रँड स्लॅम केला, आणि पाच सामन्यांत मिळून त्यांच्यावर फक्त दोन ट्राय झाले.